हमिंग येतंय, येऊ द्या

लातूरला गंजगोलाईजवळ आमच्या वडिलांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, रेकॉर्ड लावायचं मशीन आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी, एवढाच संसार. लग्न असो की सप्ताह, मांडवात पोचल्यावर दादा आधी कर्ण्याला कान लावायचे. आतून बारीक घूं ऐकू आली की त्यांचा चेहरा उतरायचा. मग जमिनीत सळई ठोकायची, वायर गुंडाळायची, वरून तांब्याभर मिठाचं पाणी ओतायचं. घूं गेल्याशिवाय सनईची रेकॉर्ड लागत नसे; नवरदेव वेशीवर ताटकळला तरी चालेल.

मीही तेच शिकलो. नांदेडला वजिराबादेत गेली तीस वर्षं अँप्लिफायर दुरुस्त करतो. खरं सांगायचं तर लोक मला घूं घालवायचे पैसे देतात.

आणि मागच्या दिवाळीत पुण्याहून भाची आली ती घूं विकत घेऊन. जाडजूड लाँग प्ले, कोरं पाकीट. "मामा, रेकॉर्ड नवी आहे, पण संगीत जुनं आहे." ताजमहाल ट्रॅव्हलर्स नावाचा जपानी ग्रुप. 'ऑगस्ट 1974' हा त्यांचा दोन रेकॉर्डींचा संच निप्पॉन कोलंबिया कंपनीनं 1975 साली काढला होता. चार बाजू, चार तुकडे, ताल नाही. मूळ प्रती दुर्मिळ झाल्या, जाणकार त्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजू लागले, तेव्हा ती पुन्हा छापली गेली. मी सुई ठेवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक गिऱ्हाईक आत आलं, उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणालं, "हे मशीन आधी दुरुस्त करा, माझं नंतर बघा."

पण मला राहवेना. मी ती बाजू संपेपर्यंत ऐकली.

हे लोक 1969 साली टोकियोत एकत्र आले. म्होरक्या ताकेहिसा कोसुगी, हातात व्हायोलिन. व्हायोलिनचा एक लांब स्वर यंत्रातून काढायचा, त्याचा प्रतिध्वनी त्याच्यावरच पुन्हा चढवायचा, असं करत करत स्वराचा ढग होतो. समुद्रकिनाऱ्यावर, टेकडीवर ते तासन् तास वाजवत. 1971 साली स्टॉकहोमच्या एका प्रदर्शनाचं बोलावणं आलं आणि तिथून पुढं ही मंडळी व्हॅनमधून रस्त्यानं थेट ताजमहालापर्यंत आली. त्या प्रवासावर फिल्म केली ती मात्सुओ ओनो यांनी. 'ॲस्ट्रो बॉय' या जपानी कार्टूनमधले चित्रविचित्र आवाज काढणारे हेच.

अशा संगीताला इंग्रजीत ड्रोन म्हणतात. विमानाशी त्याचा संबंध नाही. तंबोरा जुळवून झाला, मैफल भरली आणि गवई आलाच नाही, तरीही कुणी उठून गेलं नाही, असं समजा.

तंबोऱ्यावरून आठवलं. लातूरच्या जुन्या माणसांना बार्शी लाइट रेल्वे माहीत असते. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1927 मध्ये तिचं दुसरं टोक मिरजेला लागलं. म्हणजे आमच्या स्टेशनावरून निघालेला रूळ थेट तंबोऱ्यांच्या गावात जात होता. मिरजेचा तंबोरा म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणि त्याच्या घोडीवर, तारेखाली सरकवलेला साधा सुती दोरा, ज्याला जीव म्हणतात. तो केसभर सरकला की तार बोलायची थांबते. त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. त्यांच्या नात्यातले, किराणा घराण्याचेच अब्दुल वहीद खाँ. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथ 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथं त्यांच्यापुढं शिकायला बसलेल्यांत योशी वादा हा क्योटोचा माणूस होता.

हा वादा मला सगळ्यांत आवडला, कारण तो नळाची कामं करायचा. प्लंबर! नळाचेच पाइप जोडून त्यानं माणसाहून लांब कर्णे केले आणि विजेवर चालणाऱ्या एका अखंड स्वरासोबत ते फुंकले. त्या रचनेच्या नावातच 'भूमीचे कर्णे' आहेत. कार्यक्रम 1974 चा. ध्वनिमुद्रण ओसाकाच्या ई. एम. रेकॉर्ड्सनं काढलं ते तीस वर्षं उलटून गेल्यावर. भाचीनं फोनवर ऐकवलं तेव्हा मी म्हणालो, अगं, हे तर मी लातूरला ऐकलंय. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून पाण्याची रेल्वे येत होती तेव्हा. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, 12 एप्रिलला. त्या दिवसांत नळाला पाणी येण्याआधी हवा यायची. अख्ख्या गल्लीचे कोरडे पाइप एकदम हुंकारायचे आणि बायका घागरी घेऊन धावायच्या. त्या हुंकाराची तबकडी कुणी काढली नाही.

ड्रोन पचलं. नॉइज मात्र मला पचलेलं नाही, खोटं कशाला बोलू? 1979 साली टोकियोत मासामी अकितानं मर्झबो या नावानं गोंगाटाच्या कॅसेटी घरच्या घरी करायला घेतल्या. त्याच वर्षी तिकडं ओसाका-क्योटो भागात हिजोकाइदान सुरू झालं. नावाचा अर्थ आणीबाणीचा जिना, आणि ऐकताना तो शोधावासा वाटतोच. फीडबॅकची शिट्टी, फाटलेला आवाज, किंकाळ्या. गंमत म्हणजे त्याच 1979 मध्ये बंगळुरूला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. एकाच वर्षी एकीकडं विजेतून शुद्ध स्वर काढायची धडपड, दुसरीकडं विजेचा सगळा कचरा मुद्दाम बाहेर काढायची.

एक खास मेकॅनिकची गोष्ट सांगतो. टोकियोची वीज आपल्यासारखीच 50 सायकलची, ओसाकाची 60 ची. एकाच देशात दोन. पेटीच्या हिशेबानं आपली घूं पांढरी पाचच्या किंचित वर लागते. ओसाकाची काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध लोंबकळते. तिकडच्या लोकांना मनस्ताप जास्त, त्याचं कारण हेच असावं असं माझं मत आहे.

पुन्हा छापणाऱ्यांचं काम मात्र सोपं नाही. जुनी टेप दमट हवेत चिकट झालेली असते. काही टेपा मंद आचेवर तासन् तास तापवाव्या लागतात, तेव्हा कुठं त्या एकदा नीट वाजतात. मग खाच कापायची. खर्जाला रुंद खाच लागते. एका बाजूवर वीसच्या वर मिनिटं कोंबली की आवाज लहान करावा लागतो, आणि आवाज लहान केला की रेकॉर्डीची खरखर वर येते. पंचवीस मिनिटांचा एकच संथ स्वर म्हणजे दोन्हीकडून मरण. नॉइजचं उलटं: कर्कश आवाज सतत राहिला की कापणाऱ्या यंत्राचं डोकंच तापतं, जळूही शकतं. आणि या सगळ्यावर मोठा पेच असा की खरखर पुसायची म्हटलं तर पुसायची कुठली? टेपची खरखर आणि वाजवणाऱ्याची खरखर एकमेकींत मिसळलेली. सनईच्या रेकॉर्डीत हा प्रश्न दादांना कधी पडला नव्हता.

मला तो आता पडलाय. दादांनी एका नवरात्रात माहूरला, गडाच्या पायथ्याशी, आराध्यांची गाणी कॅसेटवर भरली होती. चौंडकं आहे, संबळ आहे, तुणतुण्याची एकच तार तासभर तुणतुणतेय, आणि मागं कुणाच्या तरी दुकानाचा जनरेटर. तुणतुणं आणि जनरेटर जवळजवळ एकाच सुरात आहेत. मध्येच दादांचा आवाज येतो, "हमिंग येतंय का रे?"

भाचीला त्या कॅसेटची रेकॉर्ड काढायचीय, पुण्यात तिला कुणी तरी भेटलंय म्हणे. तिची अट एकच, जनरेटर काढायचा नाही. कॅसेट दोन महिने माझ्या टेबलावर आहे. फिल्टर जोडून ठेवलाय. बटण अजून दाबलेलं नाही.