आपला संघ कोणता?

(संगणकावर आणि मोबाईलवर अनेकजण एकत्र येऊन खेळतात, असे काही खेळ आहेत. अशा खेळांत खेळाडूंचे संघ असतात. आपल्यासाठी योग्य संघ कसा शोधावा आणि संघाने योग्य माणूस कसा निवडावा, हे या पाठात सांगितले आहे.)

घटक चाचणीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत नववीचा एक विद्यार्थी माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटले, पेपर अवघड गेला असेल.

"सर, मला काढून टाकलं," तो म्हणाला.

"कोणी? वर्गातून?"

"नाही सर, क्लॅनमधून. आठ महिने मी त्यात होतो. काल युद्धाचा दिवस होता. माझे दोन हल्ले बाकी होते. पण आज गणिताचा पेपर, म्हणून अब्बांनी मोबाईल ठेवून घेतला. सकाळी बघतो तर मी बाहेर!"

मला हसू येणार होते. पण त्याचे डोळे भरून आलेले पाहिले आणि मी गंभीर झालो. खेळ खोटा असला तरी आठ महिन्यांची सोबत खरी होती.

मी विचारले, "परीक्षा आहे, येणार नाही, असं त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही, सर."

"त्यांचे नियम काय होते?"

"नियम मी वाचलेच नव्हते."

"मग त्यात शिरलास कसा?"

"यादीत सगळ्यांत वर नाव होतं, सर."

त्या दिवशी मी त्याला जे समजावले, तेच आज तुम्हाला सांगतो.

गिल्ड म्हणजे काय?

खेळातल्या अशा संघाला कुठे 'गिल्ड' म्हणतात, कुठे 'क्लॅन', तर कुठे 'कॉर्पोरेशन'. 'गिल्ड' हा शब्द जुना आहे. युरोपात विणकर, सुतार, सोनार अशा कारागिरांचे संघ असत. त्यांना गिल्ड म्हणत. आपल्या देशातही असे संघ होते. त्यांना 'श्रेणी' म्हणत. नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखात विणकरांच्या दोन श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. हा लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. त्या ठेवीच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालावा, अशी व्यवस्था होती. म्हणजे लोक श्रेणीवर भरवसा ठेवत. संघ टिकतो तो भरवशावर. ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचा एक जुना खेळ इंग्लंडमध्ये तयार झाला. १९७८ साली एसेक्स विद्यापीठातील रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने असा एक खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्या खेळात चित्रे नव्हती, फक्त अक्षरे होती. १९९९ साली अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे मोठे खेळ निघाले. त्यांत गिल्डला फार महत्त्व आले.

चाळीस जण कशाला?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या काळात काही मोहिमा इतक्या कठीण होत्या की, त्यांसाठी चाळीस खेळाडू एकाच वेळी लागत. 'मोल्टन कोर' ही अशीच एक मोहीम. तप्त लाव्हाने भरलेल्या गुहेत एकामागून एक बलाढ्य शत्रू भेटत.

या चाळीस जणांची कामे तीन प्रकारची असत. काहीजण जाड चिलखत घालून पुढे उभे राहत. शत्रूचे लक्ष ते स्वतःकडे ओढून घेत आणि त्याचे घाव सोसत. काहीजण मागे राहून जखमी सोबत्यांना बरे करत. बाकीचे शत्रूवर हल्ला करत. घाव सोसणारा जरा चुकला, तर शत्रू मागच्यांवर धावे. बरे करणारे दोन-तीन जण आले नाहीत, तर सगळी मोहीम फसे.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. 'चांगला खेळाडू पाहिजे' एवढे म्हणून चालत नाही. संघाला आज कोणत्या कामाचा माणूस कमी आहे, हे आधी पाहावे लागते. क्रिकेटच्या संघात अकराही जण फलंदाज असले, तर गोलंदाजी कोण करणार?

वाटणीचा प्रश्न

शत्रूला हरवले की तलवार, ढाल, अंगरखा अशी बक्षिसे मिळत. पण खेळाडू चाळीस आणि वस्तू दोन-चार! मग भांडणे होत. यावर 'एव्हरक्वेस्ट'च्या काळातच एक उपाय निघाला होता. जो मोहिमेला हजर राहील, त्याच्या नावावर गुण जमा करायचे. वस्तू हवी असेल, तेव्हा त्या गुणांतून तिची किंमत द्यायची. त्या खेळात मोठे शत्रू म्हणजे ड्रॅगन. म्हणून या गुणांना 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे नाव पडले. रोजंदारीच्या कामात हजेरीपट असतो ना, तसाच हा हिशेब. म्हणून गिल्डमध्ये जाण्यापूर्वी वाटणीचा नियम विचारावा. ज्याचा नियम लिहिलेला नाही, तेथे पुढाऱ्याच्या मर्जीवर सारे चालते.

आपण कोणत्या प्रकारचे खेळाडू?

योग्य संघ शोधण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी कशासाठी खेळतो? वर ज्यांचे नाव आले त्या बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काहींना बक्षिसे आणि वरचा दर्जा मिळवायचा असतो. काहींना नव्या जागा शोधायच्या असतात. काहींना माणसांशी गप्पा आणि मैत्री हवी असते. काहींना दुसऱ्याला हरवण्यातच आनंद वाटतो.

गिल्डही वेगवेगळ्या असतात. २००६ साली काही संशोधकांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील गिल्डवर एक लेख लिहिला. त्याच्या नावातच त्यांनी दोन टोके दाखवली. एक टोक म्हणजे मुलांनी झाडावर बांधलेले खेळघर आणि दुसरे म्हणजे सैनिकांची बराक. खेळघरात कोणीही केव्हाही यावे, हसावे, जावे. बराकीत वेळ, हुकूम आणि शिस्त. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण गप्पांची आवड असलेला मुलगा बराकीत शिरला, तर तोही दुःखी आणि संघही त्रस्त. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते.

भरती कशी करतात?

चांगली गिल्ड जाहिरातीत सगळे स्पष्ट सांगते. आम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता खेळतो. कोणत्या कामाचा खेळाडू हवा. वाटणी कशी होते. गैरहजर राहायचे असेल तर कोणाला कळवावे. 'या, या, सगळे या!' एवढीच हाक मारणाऱ्या गिल्डमध्ये गर्दी होते, पण संघ होत नाही.

नंतर अर्ज येतो. पुढारी उमेदवाराशी बोलतात. काही आठवडे त्याला परीक्षेवर ठेवतात. तो वेळेवर येतो का, सांगितलेले ऐकतो का, चूक झाल्यावर दुसऱ्याला दोष देतो की स्वतः सुधारतो, हे पाहतात. त्याच काळात उमेदवारानेही संघाची परीक्षा घ्यावी. हरल्यावर पुढारी कसे बोलतात? नवख्याला शिकवतात की त्याची टिंगल करतात? शिवीगाळ चालू असेल, तर तेथून निघावे. जिंकताना सगळेच गोड बोलतात. माणूस कळतो तो हरताना.

भरवसा आणि दगा

आइसलँड देशातील एका कंपनीने २००३ साली 'ईव्ह ऑनलाईन' हा खेळ काढला. त्यात अंतराळात जहाजे फिरतात, व्यापार चालतो, युद्धे होतात. २००५ साली तेथे एक गाजलेला दगा झाला. 'गायडिंग हँड सोशल क्लब' नावाच्या भाडोत्री संघाने दुसऱ्या एका मोठ्या संघात आपली माणसे हळूहळू भरती केली. सुमारे वर्षभर ती माणसे इमानदार सभासद म्हणून वावरली. त्यांना मोठी पदे मिळाली. कोठारांच्या चाव्या मिळाल्या. मग एके दिवशी इशारा होताच त्यांनी प्रमुखाचे जहाज उडवले आणि कोठारे रिकामी केली. त्या खेळाच्या नियमात हे बसत होते, म्हणून कोणाला शिक्षा झाली नाही.

२००९ सालीही त्याच खेळात असेच घडले. 'बँड ऑफ ब्रदर्स' ही प्रबळ आघाडी तिचाच एक नाराज अधिकारी शत्रूला मिळाल्यामुळे मोडली. बाहेरच्या तोफांनी जे झाले नाही, ते आतल्या एका माणसाच्या अधिकाराने झाले.

म्हणून शहाणे पुढारी नव्या माणसाला लगेच चाव्या देत नाहीत. आधी छोटी जबाबदारी, मग मोठी. आणि जुन्या सोबत्यांची नाराजीही वेळीच ऐकून घ्यावी लागते.

आकडा बदलला, संघ मोडले

कधी कधी कोणाचाही दोष नसताना संघ मोडतो. २००७ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये नवा भाग आला. चाळीस जणांऐवजी नव्या मोहिमा दहा आणि पंचवीस जणांच्या झाल्या. दहा-दहाचे दोन गट केले तर वीस जण होतात. पंचवीस होत नाहीत. आणि चाळीसातून पंचवीस घेतले, तर पंधरा सोबती बाहेर राहतात. ज्यांच्याबरोबर दोन वर्षे घालवली, त्यांतून कोणाला वगळायचे? या प्रश्नाने अनेक गिल्ड फुटल्या. भरती म्हणजे केवळ माणसे घेणे नव्हे. घेतलेल्यांना सांभाळणेही आहे.

घड्याळ विसरू नका

समजा, जर्मनीतील एक संघ रात्री आठला मोहीम सुरू करतो. हिवाळ्यात त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात साडेअकरा. मोहीम तीन तास चालली, तर सकाळी शाळेत डोळे मिटणारच. संघ कितीही चांगला असो, त्याची वेळ आपल्या झोपेवर आणि अभ्यासावर येत असेल, तर तो आपला संघ नव्हे.

आणखी एक गोष्ट. पडद्यामागचा माणूस किती वर्षांचा आहे, हे आपल्याला दिसत नाही. आपले पूर्ण नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र, पासवर्ड कोणालाही देऊ नये. कोणी पैसे मागितले, एकटे भेटायला बोलावले किंवा 'घरी सांगू नकोस' असे म्हटले, तर ती गोष्ट त्याच दिवशी घरच्या मोठ्यांना सांगावी.

मग त्या मुलाचे काय झाले?

तो खेळत होता, तो खेळ म्हणजे 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'. फिनलंडच्या 'सुपरसेल' कंपनीने तो २०१२ साली काढला. त्यात एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास जण असतात. युद्धात भाग घ्यायचा नसेल, तर तशी लाल खूण करून ठेवण्याची सोय त्यात आहे. परीक्षेआधी त्याने ती खूण केली असती, तर तो युद्धात येणार नाही, हे पुढाऱ्याला आधीच कळले असते. "सर, हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

परीक्षा संपल्यावर त्याने आधीच्या पुढाऱ्याला निरोप पाठवला. जागा परत मागितली नाही. न कळवता गैरहजर राहिलो, माफ करा, एवढेच लिहिले. मग नव्या क्लॅनसाठी चार ओळी लिहून मला दाखवायला आणल्या. "मी विद्यार्थी आहे. फक्त शनिवारी आणि रविवारी खेळतो. परीक्षेच्या काळात येत नाही. आलो तर दोन्ही हल्ले नक्की करीन."

दोन क्लॅननी नकार दिला. तिसऱ्याने घेतले. तो मला म्हणाला, "सर, या वेळी नियम वाचूनच आत गेलो."

विद्यार्थी मित्रांनो, संघ खेळाचा असो, शाळेचा असो की मोहल्ल्याचा. आत जाण्यापूर्वी नियम वाचा आणि आपली अडचण आधीच सांगा. जेवढे जमेल तेवढेच कबूल करा. कबूल केले की मात्र ते पाळा.

शब्दार्थ
भरवसा – विश्वास
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
मोहीम – ठरवून केलेली चढाई
चिलखत – लढाईत घालायचा लोखंडी पोशाख
उमेदवार – जागेसाठी अर्ज करणारा
दगा – विश्वासघात
कोठार – माल साठवण्याची जागा
भाडोत्री – पैसे घेऊन काम करणारा

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कारागिरांच्या संघांना आपल्या देशात काय म्हणत?
(आ) 'मोल्टन कोर' मोहिमेसाठी किती खेळाडू लागत?
(इ) विद्यार्थ्याला क्लॅनमधून का काढले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खेळघर आणि बराक यांतील फरक सांगा.
(आ) २००७ साली अनेक गिल्ड का फुटल्या?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) शहाणे पुढारी नव्या माणसाला लगेच चाव्या देत नाहीत.
(आ) चांगला संघही कधी कधी आपला संघ नसतो.

प्र. ४. तुमच्या वर्गाच्या क्रिकेट संघासाठी खेळाडू हवे आहेत. दिवस, वेळ, काम आणि नियम सांगणारी जाहिरात पाच-सहा ओळींत लिहा.