टाच टेकली नाही तरी चालेल

सोलापुरातून बार्शीला जाताना नान्नजचं माळरान लागतं, हैदराबादच्या वाटेवर नळदुर्गचा किल्ला. मोठी टूरिंग गाडी घ्यावी अशी इच्छा जागवणारे हे रस्ते. पण शोरूममध्ये गाडीवर बसल्यावर टाचा अधांतरी राहतात आणि कितीतरी जण, विशेषतः मुली, तिथूनच मागे फिरतात. मला हे मनापासून खटकतं, कारण उंचीची ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही.

रोजच्या वापरातल्या स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटरवर असते, हिमालयन 450 या टूरिंग गाडीची 825 वर. फरक चार सेंटिमीटरचा. मग पाय एवढे का लोंबकळतात? कारण रुंदी. मोठ्या गाडीची सीट पसरट असते, मांड्या बाहेर फाकतात आणि जमिनीकडे जाणारी पायाची लांबी वाटेतच खर्च होते. म्हणून थांबताना सीटच्या पुढच्या निमुळत्या भागाकडे सरकलं की पाय लगेच खाली पोचतो. 1996 साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची 165 सेंटिमीटरच्या आसपास आहे, स्त्रीची 153 च्या आसपास. या गाड्यांवर पाय न पुरणारे आपण अपवाद नव्हे, बहुसंख्य आहोत.

खरी धास्ती वजनाची असते. हिमालयन 196 किलोची, स्प्लेंडर 112 ची. पण गाडी सरळ उभी असताना हे सगळं वजन टायर पेलतात, पाय नाही. पायावर भार येतो तो गाडी कलल्यावर. हिमालयनचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर धरला, तर 5 अंश कललेल्या गाडीला हँडलच्या उंचीवर सावरायला साधारण 9 किलोचा जोर पुरतो. 20 अंशांवर तोच 37 किलोंपर्यंत जातो. म्हणजे खेळ सगळा पहिल्या काही अंशांतला आहे. तेवढ्यात एका पायाचा चवडा टेकला तर गाडी आवरते, दोन्ही टाचा लागत नाहीत.

आणि चालत्या गाडीला तर पायांची गरजच नसते. वेग आला की दुचाकी कलेल त्या बाजूला चाक वळवून स्वतःला सावरते. यामागे चाकाची भोवऱ्यासारखी गती आणि पुढच्या चाकाची ठेवण आहे, असं पूर्वी मानलं जाई. 2011 मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली सायकल बनवली, तरी ती आपली आपण सावरत धावली. वस्तुमानाची मांडणीही तोल राखते, हे त्यातून दिसलं. आणि उंचीचं म्हणाल, तर मोटारसायकल रेसर दानी पेड्रोसा जेमतेम 160 सेंटिमीटर उंच. त्याने मोटोजीपीच्या 31 शर्यती जिंकल्या.

तेव्हा शिकायचं ते थांबणं. थांबण्याआधीच गाडी पहिल्या गिअरमध्ये आणावी, हँडल सरळ ठेवावं आणि शेवटचे दोन मीटर मागच्या ब्रेकवर काढावेत. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी झटक्यात आतल्या बाजूला कोसळते. बरीच पडझड अशीच होते. उजवा पाय ब्रेकवर, कंबर थोडी डावीकडे सरकवून डावा पाय खाली. मात्र आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि डांबराच्या कडेला साइडपट्टी बऱ्याचदा खचलेली असते. तिथे पाय टाकला तर तो हवेतच जातो. कडेपासून आत थांबा, नाहीतर उजवा पाय टेकून पुढचा ब्रेक धरा. पावसाळ्यात काळ्या रानात तर साइड स्टँडही मातीत रुततो, त्याखाली एखादी चपटी पाटी हवीच. सरावाला सपाट मैदान आणि अर्धी टाकी बरी: 17 लिटर पेट्रोलचं वजन साडेबारा किलो होतं, तेही वरच्या अंगाला.

एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. शॉकअपची स्प्रिंग कंपनीने बहुधा जड स्वाराच्या हिशेबाने बसवलेली असते. 50 किलोचा माणूस बसला की ती कमी दबते, म्हणजे बुटक्या स्वाराला गाडी आणखी उंच मिळते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, कमी करून घेतला तर पैसा न खर्चता गाडी थोडी खाली येते. मग कमी उंचीची सीट, नाहीतर सीटवाल्याकडून कडांचा फोम तासून घेणं, आणि जाड तळव्याचे बूट.

मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली बसवून घेणं मात्र मी शेवटी ठेवीन. मागचा भाग खाली आला की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो आणि हँडल सुस्त वळतं, म्हणून फोर्कही क्लॅम्पमधून तेवढाच वर सरकवावा लागतो. ग्राउंड क्लिअरन्स घटतो. आणि साइड स्टँड कापून घेतला नाही, तर तो लांब ठरतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उतारावर साध्या धक्क्यानेही उलट्या बाजूला पडते.