किती पडली, याआधी का पडली

दिल्लीच्या पूर्वेला, गाझियाबादच्या वस्तीला खेटून हवाई दलाचा हिंडन तळ आहे. २०१९पासून तिथे नागरी टर्मिनलही आहे. मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले, त्यांत हिंडनही होते. लढाई चार दिवसांत थांबली, पण एका प्रश्नाची चर्चा कित्येक महिने थांबली नाही: कोणाची किती विमाने पडली? पाकिस्तानने भारताची सहा पाडल्याचा दावा केला. संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापुरात तो आकडा साफ चुकीचा ठरवला, मात्र नुकसान झाल्याचे मान्य केले. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरूत पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे जाहीर केले. पाकिस्तानने ते नाकारले. क्रिकेटच्या धावफलकासारखा हा हिशेब रंगत गेला आणि चौहान यांनी सिंगापुरात मांडलेला दुसरा मुद्दा मागे पडला. विमाने पडली यापेक्षा ती का पडली आणि त्यानंतर काय सुधारले, हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. अडचणीच्या प्रश्नाला बगल देण्यासाठीही सेनाधिकारी असे बोलतात, हे खरे. तरी मुद्दा बरोबर आहे, आणि गेल्या पस्तीस वर्षांतल्या हवाई मोहिमा तपासल्या की तो पटतो.

या काळातली सर्वांत मोठी मोहीम १९९१ची. १७ जानेवारीला अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीने इराकवर हवाई हल्ले सुरू केले. सहा आठवड्यांत एक लाखाहून अधिक उड्डाणे झाली आणि हेलिकॉप्टर वगळता आघाडीची ३८ विमाने शत्रूच्या माऱ्यात गेली. विमानाविमानांची झुंज सिनेमात जितकी दिसते तितकी इथे घडली नाही. इराकी लढाऊ विमानाने पाडलेले विमान जवळपास एकच, पहिल्या रात्रीचे. बहुतेक बळी घेतले ते जमिनीवरच्या तोफांनी आणि इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणाऱ्या लहान क्षेपणास्त्रांनी, म्हणजे तुलनेने साध्या आणि स्वस्त शस्त्रांनी. ब्रिटनने मोहिमेवर सहा टोर्नेडो विमाने गमावली. धावपट्टी उखडणारे जेपी-२३३ हे शस्त्र अगदी खालून उडत टाकावे लागे आणि त्यापायीच टोर्नेडो पडली, असे अजून सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या सहांपैकी तसा हल्ला करून गेलेले विमान एकच. चार विमाने साधे बॉम्ब टाकण्याच्या कामगिरीवर असताना गेली, तर एक लेझरने दिशा दिलेले बॉम्ब टाकण्याच्या. दोष एका शस्त्राचा नव्हता. रडार चुकवण्यासाठी जमिनीलगत उडायचे, ही सोव्हिएत फौजांशी युरोपात लढण्यासाठी घोटलेली पद्धत इराकमध्ये वैमानिकांना थेट तोफांच्या तोंडी देत होती. काही दिवसांतच आघाडीची विमाने उंचावर गेली आणि नुकसान घटले. मात्र उंचावरून साधे बॉम्ब नेमके पडेनात, ढग आडवे येऊ लागले, आणि टोर्नेडोला लक्ष्यावर लेझर रोखून देण्यासाठी ब्रिटनला जुनी बुकॅनिअर विमाने आणावी लागली. खालून उडण्याची किंमत भारताने त्याच्या वीस वर्षे आधीच मोजली होती. १९७१च्या युद्धात सुखोई-७ घेऊन जमिनीवरच्या लक्ष्यांवर तुटून पडणाऱ्या तुकड्यांनी बरीच विमाने गमावली. युद्धकैदी होऊन पुढे रावळपिंडीच्या छावणीतून निसटलेले दिलीप पारुळकर त्यांतल्याच एका विमानाचे वैमानिक.

१९९९च्या उन्हाळ्यात दोन हवाई मोहिमा जवळजवळ एकाच वेळी चालल्या. कोसोवोवरून नाटोने ७८ दिवस सुमारे ३८ हजार उड्डाणे केली आणि शत्रूच्या माऱ्यात वैमानिक असलेली फक्त दोन विमाने गमावली. त्यातले एक रडारला न दिसणारे म्हणून गाजलेले एफ-११७, आणि ते पाडले १९६०च्या दशकातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने. इकडे कारगिलमध्ये मोहीम २६ मेला सुरू झाली. २७ मेला के. नचिकेता यांच्या मिग-२७चे इंजिन बंद पडले, त्यांचा शोध घेणारे अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पडले, आणि २८ मेला तोलोलिंगजवळ एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चार जणांसह गेले. तीन दिवसांत तीन. या हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. बोचणारी गोष्ट अशी की २१ मेला टेहळणीवरच्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागले होते आणि ते कसेबसे श्रीनगरला उतरले होते. डोंगरमाथ्यावर खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे आहेत, हा इशारा आठवडाभर आधी मिळालेला होता. त्यानंतर हवाई दलप्रमुख अनिल टिपणीस यांच्या हाताखालच्या हवाई दलाने जे केले ते इराकमधल्यापेक्षा वेगळे नव्हते: हेलिकॉप्टर हल्ल्यातून काढली, विमाने त्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर नेली, मिराज-२०००वर लेझर-बॉम्ब बसवले. १७ जूनला मुंथो ढालोचा रसदतळ उद्ध्वस्त झाला, २४ जूनला टायगर हिलवर मिराजचे बॉम्ब पडले, आणि मोहीम संपेपर्यंत शत्रूच्या माऱ्यात आणखी एकही विमान गेले नाही. नुसता आकडा पाहणाऱ्याला यात फक्त तीन दिसतील. २८ मेच्या अलीकडचे आणि पलीकडचे हवाई दल किती वेगळे होते, ते त्या तिनांत दिसत नाही.

शिवाय विमाने शत्रूच पाडतो असे नाही. २००३मध्ये इराकच्या मोहिमेत अमेरिकी पेट्रियट क्षेपणास्त्रांनी आघाडीचीच दोन विमाने पाडली, आधी ब्रिटिश टोर्नेडो, मग अमेरिकी नौदलाचे एफ-१८. तिघे ठार झाले. आकाशात अनेक देशांची विमाने आणि जमिनीवर स्वयंचलित रडार असले की आपला कोण, परका कोण हे सांगणारी यंत्रणा कामी यावी लागते, आणि नेमकी तीच दगा देते. त्यासाठी आघाडीच असायला हवी असेही नाही. २७ फेब्रुवारी २०१९ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. येमेनमधल्या हूथी बंडखोरांविरुद्धच्या तांबड्या समुद्रातील मोहिमेत अमेरिकेच्या एका विमानवाहू नौकेने पाच महिन्यांत तीन सुपर हॉर्नेट विमाने गमावली: एक सोबतच्याच युद्धनौकेने पाडले, दोन डेकवरच्या अपघातांत समुद्रात गेली. शत्रूच्या नावावर एकही नाही. हिंडनलाही हे ठाऊक आहे. तिथल्या ७७ स्क्वाड्रनची पहिली सी-१३०जे विमाने सहा होती. त्यातले एक मार्च २०१४मध्ये खालून उडण्याच्या सरावात ग्वाल्हेरजवळ कोसळले आणि पाच जण गेले. ना युद्ध, ना शत्रू, तरी ताफ्याचा सहावा हिस्सा गेला.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कमी विमाने गमावणे हेच कौशल्य, मग आकडा निरर्थक कसा? कोसोवो त्याचे उत्तर देते. नाटोच्या विमानांना बराच काळ पंधरा हजार फुटांखाली उतरायची मनाई होती. १४ एप्रिलला जाकोव्हित्साजवळ निर्वासितांचा ताफा लष्करी समजून त्यावर बॉम्ब टाकले गेले. त्यात सत्तरहून अधिक माणसे मेली. वैमानिकाचा धोका नाहीसा झाला नाही, तो खाली उतरला. शून्य नुकसानीच्या बढाईत हा खर्च कुठेच मांडलेला नसतो. दुसरा आक्षेप गुप्ततेचा. लढाई चालू असताना नुकसान जाहीर करणे म्हणजे शत्रूला मारा अचूक ठरल्याची पावती देणे. हे मला मान्य आहे. पण ती गरज लढाईपुरती असते. बडगामची मोठी चूक हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी उघड मान्य केली ती ऑक्टोबरमध्ये, सात महिन्यांनी. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. इतका उशीर केवळ शत्रूपासून लपवण्यासाठी होता, असे मानणे कठीण आहे. आणि अधिकृत माहिती नसली की ती जागा दुसऱ्या बाजूचा दावा भरून काढतो, हे २०२५मध्येही दिसले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: अमेरिकेला आकडा परवडतो, आपल्याला नाही. मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनपैकी सप्टेंबर २०२५मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर आपल्याकडे २९ उरल्या, आणि एका विमानाची जागा भरायला वर्षे लागतात. हे खरेच आहे. पण त्या जागा कशाने रिकाम्या होतात तेही पाहावे. डिसेंबर २०२४मध्ये संरक्षण मंत्रालयाने नाशिकच्या एचएएल कारखान्याकडे आणखी १२ सुखोई-३० विमाने मागवली, साधारण साडेतेरा हजार कोटी रुपयांची. ती घ्यावी लागली युद्धामुळे नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या अपघातांत गेलेल्या विमानांच्या बदली.