मनुकांचं पाणी आणि बोर्डोची बाटली

रविवारी दुपारी आमच्या घरी पाच मित्रमैत्रिणी जमले होते. समोर दोन काचेचे जग, दोन्हींत काळपट लाल सरबत. एका जगावर चिठ्ठी चिकटवलेली, ‘४० रुपये लिटर’. दुसऱ्यावर ‘४०० रुपये लिटर’. दोन्ही चाखा आणि कोणतं आवडलं ते कागदावर लिहा, एवढंच सांगितलं होतं. पाचपैकी चार जणांनी ४०० वालं निवडलं. इंजिनिअरिंगला असलेला एक जण तर म्हणाला, ‘‘याच्यात बॉडी आहे ना बे!’’

दोन्ही जगांतलं सरबत एकाच पातेल्यातलं होतं. काळ्या मनुका धुऊन रात्रभर पाण्यात भिजवल्या, सकाळी हाताने कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या. बस्स. हे कळल्यावर आधी शांतता, मग ‘‘आधी सांगाचं होतं ना!’’ असा आरडाओरडा.

पाच जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या मॅडम हे वाचून रागावतील. पण २००८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हेच २० जणांवर केलं होतं, तेही खऱ्या वाइनवर आणि मेंदूच्या स्कॅनिंग मशिनमध्ये झोपवून. पाच वेगवेगळ्या वाइन आहेत असं सांगून प्रत्यक्षात तीनच दिल्या होत्या. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग म्हणून दिली तेव्हा लोकांना ती जास्त आवडली. आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं, मेंदूतल्या सुखाशी संबंधित भागातली हालचालही वाढली होती. म्हणजे किमतीची चिठ्ठी खरोखर चव बदलते.

आता मनुकाच का? तर मी गेले काही दिवस फ्रान्सच्या कोशर वाइनबद्दल वाचतेय. भंडाऱ्यात बसून कोशर वाइन कशाला, असं कोणीही विचारेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण वाचता वाचता ही गोष्ट बोर्डोतून निघून थेट अलिबागला पोचली, आणि मग सोडवेना. (आधीच सांगते, मी ही फ्रेंच वाइन प्यायलेली नाही. महाराष्ट्रात वाइनलाही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. इंटर्नच्या मानधनात ते बसत नाही.)

कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांत बसणारं. वाइनच्या बाबतीत हे नियम फार कडक आहेत. द्राक्षं कोणीही तोडली तरी चालतात. पण एकदा ती चुरली आणि रस निघाला, की तिथून बाटलीला बूच लागेपर्यंत त्या रसाला फक्त शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसांचेच हात लागले पाहिजेत. वाइन नितळ करायला जिलेटिनसारखे प्राणिज पदार्थ वापरायचे नाहीत. अंड्याचा पांढरा बलक चालतो, आणि बोर्डोत तो तसाही पूर्वीपासून वापरतात.

बोर्डोतल्या काही नामांकित वाइनरी, म्हणजे तिथल्या भाषेत ‘शातो’, आपल्याच द्राक्षांचा थोडा भाग बाजूला काढून त्याची कोशर वाइन करतात. लेओव्हिल पॉयफेरे, जिस्कूर, पोंते-काने ही त्यातली मोठी नावं. मळा तोच, वर्ष तेच. पण कोशर टाक्या वेगळ्या आणि सील लावलेल्या. वाइनमेकर ज्यू नसेल तर त्याला स्वतःच्या टाकीची तोटीही उघडता येत नाही! तो नुसता सांगणार, ‘‘जरा नमुना काढा’’, आणि काढणार धर्मगुरूंनी नेमलेला माणूस. आयुष्यभर याच कामात मुरलेला माणूस आपल्याच तळघरात खिशात हात घालून उभा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

याचा खर्च कोण देणार? ग्राहक. वेगळी माणसं, वेगळी टाकी, देखरेख आणि त्यात माल थोडा. त्यामुळे त्याच शातोची कोशर बाटली साध्या बाटलीपेक्षा बहुतेकदा महाग असते. मग ही जास्तीची किंमत चवीची आहे का? नाही. ती देखरेखीची आहे. कोशर फ्रेंच वाइनचा भाव योग्य आहे की नाही हे बघायचं असेल, तर तिची तुलना त्याच शातोच्या त्याच वर्षाच्या साध्या वाइनशी करायची, तीही लेबलं झाकून. फरक लागला नाही तर बनवणाऱ्याने काम चोख केलं. साधीच जास्त बरी लागली, तर आपण देखरेखीचे पैसे देऊन चवही घालवली.

चव घेऊन भाव करणं आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही. तुमसरच्या बाजारात धानाचे व्यवहार बघितलेल्यांना माहीत आहे. व्यापारी पोत्यातून मूठभर धान काढतो, तळहातावर चोळून फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरून ओल बघतो, आणि मग आकडा बोलतो. भंडाऱ्याच्या चिन्नोरला जीआय मानांकन मिळालंय, पण घरी आजीची परीक्षा वेगळीच. भात शिजताना वास शेजारच्या घरापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर तो चिन्नोर नाही. वाइनवाले यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा, कारण लाल वाइन जुनी होत जाते तशी कडेला विटकरी दिसायला लागते. ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा. घोट तोंडात घोळवायचा. आंबटपणा किती, हिरड्यांवर कच्च्या जांभळासारखा तुरटपणा किती, आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते बघायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची मानतात.

पण नाकजिभेवर फार भरवसा ठेवायलाही भीती वाटावी असा एक प्रयोग आहे. २००१ साली बोर्डोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला गेला, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्याच शब्दांत केलं. ही तर त्या विषयाचीच मुलं! त्यापुढे आमचा इंजिनिअर मित्र अगदीच निर्दोष.

आणि बोर्डोची प्रतिष्ठा तरी कशावर उभी आहे? १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी लाल वाइनची पाच श्रेणींत यादी केली. ही क्रमवारी मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या भावावर ठरली होती. लेओव्हिल पॉयफेरे दुसऱ्या श्रेणीत, जिस्कूर तिसऱ्या, पोंते-काने पाचव्या. १७० वर्षांनंतरही ती यादी जवळपास तशीच आहे. महाग होती म्हणून वरची श्रेणी, आणि वरची श्रेणी म्हणून महाग. आमच्या जगावरच्या चिठ्ठ्यांसारखंच, फक्त चिठ्ठ्या सरकारी.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग मला त्या हात लागण्याच्या नियमाने अडवलं. अमक्याचा हात लागला की वाइन बाद. हे वाक्य महाराष्ट्रात वाचताना पोटात काहीतरी होतं. भंडाऱ्यात तर जास्तच, कारण १९५४ च्या पोटनिवडणुकीत स्वतः बाबासाहेब इथून लोकसभेला उभे होते आणि हरले होते. स्पर्शाने विटाळ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी फ्रान्समधून समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून नियमाचं मूळ शोधलं. जुन्या काळी इतर लोक आपल्या देवतांना वाइन अर्पण करत. त्या वाइनशी आपला संबंध नको, ही पहिली भीती. दुसरी अशी की एकत्र पिणं वाढलं तर सोयरिकी होतील आणि छोटासा समाज विरघळून जाईल. देशोदेशी विखुरलेल्या, छळ सोसलेल्या अल्पसंख्य समाजाने स्वतःभोवती घातलेलं ते कुंपण आहे. हजारो वर्षं सत्तेत असलेल्यांनी दुसऱ्याला पाणवठ्यावरून हाकलणं वेगळं. हा फरक मला पटतो. तरी खटकायचं पूर्ण थांबत नाही, आणि ते थांबावं असंही मला वाटत नाही.

या नियमातच एक पळवाटही आहे. वाइन तापवली की ती ‘मेवुशाल’ होते आणि मग कोणीही ओतली तरी कोशरच राहते. लग्नात, हॉटेलात, जिथे वाढपी कोणत्याही धर्माचा असू शकतो तिथे हीच चालते. पूर्वी खरोखर उकळायचे आणि चवीचं वाटोळं व्हायचं. आता काही सेकंद कडक तापवून लगेच थंड करतात, त्यामुळे नुकसान कमी. तरी बोर्डोच्या भारी कोशर बाटल्या बहुधा न तापवलेल्याच असतात. म्हणजे सगळ्यांच्या हातची चालणारी वाइन बाजारात खालच्या पायरीवर, आणि ठरावीक हातांचीच चालणारी वरच्या.

आता अलिबाग. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, झिराडकर, केहिमकर. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’.

दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना ज्यू घरात वाइनच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात. त्याला किद्दुश म्हणतात. कोकणात कोशर वाइन कुठून आणणार? तर काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. ते सरबत पेल्यात. ज्यू धर्मशास्त्रात मनुकांपासून केलेलं पेय द्राक्षाच्या वाइनच्या आशीर्वादाला चालतं, त्यामुळे ही तडजोडसुद्धा नव्हे. घरच्या बाईच्या हातचं, म्हणून कोशर. ना टाकीला सील, ना देखरेखीचा पगार, ना १८५५ ची यादी. एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात त्या मलिद्यात तर आपले पोहे असतात, वर खोबरं, साखर, सुकामेवा. कोशर म्हणजे महागच, हा माझा समज इथे संपला.

आणि याच लोकांच्या हातांवर पुढे प्रश्न उभा राहिला. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. हे खरे पूर्ण ज्यू आहेत का, असा संशय. शुक्रवारचा पेला पिढ्यानपिढ्या न चुकवलेली माणसं! त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठरावाने सांगितलं की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. कुंपणाच्या आतही पुन्हा कुंपण असतं, हे मला त्या ठरावाने सांगितलं. मराठी मात्र त्यांनी तिकडेही सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघायचं.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभं आहे. तिकडची सहल ठरली तर समुद्रावरून परतताना तिथे जरूर जा.

आमच्या सरबताचं पुढे काय झालं? एक जग उरलं होतं, ते झाकून ओट्यावर ठेवलं आणि विसरून गेले. किद्दुशचं सरबत ताजं का करत असतील, ते तिसऱ्या दिवशी कळलं. वर बुडबुडे आले होते आणि वास आंबूस झाला होता. आजीने एकदाच नाक लावलं, ‘‘सडलं हे’’ म्हणाली आणि सगळं मोरीत ओतून दिलं. बोर्डोत याच बुडबुड्यांची वाट बघतात, हे तिला सांगायला मला तीन सेकंद उशीर झाला.