व्यापार, घर आणि भूमी : भवरलाल जैन यांचा ताळेबंद

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या पट्ट्यात केळीचे हिरवेगार मळे, असे यावल तालुक्याचे चित्र आहे. डोंगराकडे 1969 मध्ये घोषित झालेले 177.52 चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य आहे. तालुक्यातीलच फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्या अधिवेशनाची नगरी नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून उभी केली होती. जवळ जे आहे त्यातूनच उभे करावे, हा धडा खानदेशाला असा फार पूर्वी मिळाला आहे.

या पट्ट्याचे वैभव केळीवर आणि केळीचे जीवन पाण्यावर आहे. वर्षभर जमिनीत ओल राहिली नाही तर हे पीक उभे राहत नाही. एकेकाळी विहिरीचे पाणी पाटाने बागेत सोडले जाई. त्यातले बरेचसे मुळांच्या कामी न येता वाया जाई. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या आणि त्याही दरवर्षी खोल खोल जाऊ लागल्या. शेतकऱ्याची विहीर आटली की गावच्या पेठेतील वही कोरडी पडते, हे येथील व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच व्यापार, घर आणि भूमी या तिन्हींचा तोल कसा सांभाळावा, हा प्रश्न येथे केवळ व्याख्यानाचा विषय राहत नाही. त्याचे एक उत्तर याच जिल्ह्यातील एका व्यापाऱ्याने आपल्या आयुष्यातून दिले. ते व्यापारी म्हणजे भवरलाल हिरालाल जैन.

नोकरीऐवजी हातगाडी

पाण्याच्या शोधात राजस्थानातील आगोलाई सोडून 1887 मध्ये या घराण्याचे पूर्वज अजिंठ्याच्या परिसरातील वाकोद येथे आले आणि शेती करू लागले. जामनेर तालुक्यातील याच गावी 12 डिसेंबर 1937 रोजी भवरलालजींचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांचे शिक्षण घेऊन ते राज्य सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि राजपत्रित अधिकाऱ्याचे पद समोर आले. त्या काळी अशा नोकरीपुढे दुसरा विचार क्वचितच कोणी केला असता. परंतु आईचा सल्ला घेऊन त्यांनी व्यापाराची वाट धरली.

1963 मध्ये घरातील तीन पिढ्यांची मिळून 7,000 रुपयांची बचत होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी हातगाडीवरून रॉकेल विकण्यास प्रारंभ केला. पुढे ट्रॅक्टर, तुषार सिंचनाची साधने, पाइप अशा शेतीच्या गरजेच्या वस्तूंच्या एजन्सी आल्या. हे भांडवल कोणा एकाचे नव्हते. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचा त्यात वाटा होता, त्यामुळे जोखीमही साऱ्या घराची होती. एकत्र कुटुंब हीच आपल्या समाजातील व्यापाराची पहिली पेढी असते, याचा हा उत्तम दाखला म्हणावा लागेल.

केळीच्या भुकटीचा बंद कारखाना

1978 मध्ये त्यांनी केळीची भुकटी तयार करणारा एक अडचणीतील कारखाना 30 लाख रुपयांना घेतला. तो पूर्वीच्याच उद्देशाने चालविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य काढण्यासाठी त्या यंत्रसामग्रीचा उपयोग केला आणि हा माल परदेशी जाऊ लागला. शेतकऱ्याला पपईच्या फळाबरोबर चिकाचेही पैसे मिळू लागले. उभी असलेली यंत्रे, शेजारच्या शेतातील कच्चा माल आणि परदेशातील मागणी या तिन्हींची सांगड घालण्यात व्यापाऱ्याची दृष्टी दिसते.

त्यानंतर 1980 पासून पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आले.

थेंबाचा व्यापार

ठिबकचे तत्त्व साधे आहे. पाणी संपूर्ण जमिनीला न देता थेट मुळांना द्यावयाचे, तेही थेंबाथेंबाने. त्याच नळीतून खतही विरघळवून देता येते. पाटपाण्याच्या मानाने पाण्याची मोठी बचत होते आणि पंप कमी चालल्याने विजेचीही बचत होते. हे तंत्र आधुनिक स्वरूपात इस्रायलमध्ये विकसित झाले. परंतु लहान धारणाक्षेत्र, अनियमित वीज आणि मर्यादित भांडवल असलेल्या भारतीय शेतकऱ्याच्या बांधावर ते रुजविणे हे वेगळेच काम होते. नुसत्या नळ्या विकून ते साधणारे नव्हते. शेताची मोजणी, आराखडा, जोडणी, पिकाचा सल्ला आणि नंतरची सेवा हे सर्व विक्रेत्याने अंगावर घ्यावे लागले.

ठिबकच्या जोडीला ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीची रोपे आली. पूर्वी कंदापासून लावलेली बाग कापणीस येण्यास दीड वर्षाच्या आसपास काळ लागे. नव्या रोपांची बाग सुमारे वर्षभरात आणि जवळजवळ एकाच वेळी कापणीस येऊ लागली. यावल-रावेरच्या केळीपट्ट्याचा चेहरामोहरा या दोन गोष्टींनी बदलला. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या बदलाचाही वाटा आहे.

श्रावकाने कोणता धंदा करू नये, याची यादी आपल्या शास्त्रकारांनी कर्मादानांच्या रूपाने दिलीच आहे. भवरलालजींचे वेगळेपण असे की कोणता धंदा करावा, याचेही उत्तर त्यांनी शोधले. पाणी वाचते तेव्हाच माल विकला जातो, अशा धंद्यात विक्रेत्याचा नफा आणि भूमीचे हित एकाच पानावर येतात.

वाट चुकली तेव्हा

हा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. 1990 च्या दशकात शेअर बाजारातील उत्साहाच्या काळात समूहाने वित्तपुरवठा, माहिती तंत्रज्ञान यांसारख्या अनोळखी क्षेत्रांत पाऊल टाकले आणि मोठा तोटा सोसला. तेव्हा भवरलालजींनी वृत्तपत्रांतून भागधारकांची जाहीर क्षमा मागितली. नको असलेले उद्योग सोडून ते पुन्हा शेतीकडे वळले. क्षमापना वर्षातून एकदा घरोघरी होते. परंतु ताळेबंद पुढे ठेवून, पैसे गुंतविलेल्या हजारो अनोळखी माणसांपुढे ती करावयास वेगळे धैर्य लागते.

घर आणि छंद

त्यांना सारे 'मोठे भाऊ' म्हणत आणि पत्नी कांताबाई या सर्वांच्या 'कांताई'. अशोक, अनिल, अजित आणि अतुल हे चारही पुत्र व्यवसायात आले. विस्तारणाऱ्या उद्योगात घरासाठी वेळ किती उरतो, हे प्रत्येक व्यापाऱ्याच्या गृहिणीला ठाऊक असते. कांताबाईंच्या निधनानंतर भवरलालजींनी 'ती आणि मी' हे पुस्तक लिहिले. एखाद्या उद्योगपतीने यशाच्या सूत्रांऐवजी सहजीवनावर पुस्तक लिहावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे. घराचे ऋण वहीत दिसत नाही, म्हणून ते शब्दांत नोंदवावे लागले.

त्यांचे छंदही व्यवसायाला समांतर न धावता त्यातच मिसळून गेले. जळगावजवळचा उजाड डोंगर त्यांनी माती आणि पाणी अडवून, झाडे लावून हिरवा केला. तोच आजचा जैन हिल्स. शेती आणि कविता एकाच ओंजळीत धरणारे ना. धों. महानोर हे त्यांचे स्नेही. बहिणाबाई आणि बालकवी यांच्या नावाचे साहित्य पुरस्कार त्यांच्या प्रतिष्ठानाने सुरू केले. महात्मा गांधींविषयीच्या श्रद्धेतून साकारलेल्या 'गांधी तीर्थ'चे 25 मार्च 2012 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 25 फेब्रुवारी 2016 रोजी त्यांचे निधन झाले.

वहीत उरलेल्या बाकी

कोणत्याही ताळेबंदास दुसरी बाजू असते. ठिबकच्या व्यवसायात शासकीय अनुदानाची रक्कम हाती येण्यास विलंब होतो, तर उत्पादकाला कच्च्या मालाचे आणि बँकेच्या व्याजाचे पैसे वेळेवर द्यावे लागतात. वाढता व्याप, मोठे कर्ज आणि अडकलेली येणी यांमुळे 2019 मध्ये कंपनी पुन्हा पेचात सापडली. 2022 मध्ये बँकांबरोबरची कर्ज निराकरणाची योजना मार्गी लागली आणि 2023 मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय इस्रायलच्या रिव्हुलिस कंपनीत विलीन करण्यात आला. हेतू कितीही शुद्ध असला, तरी येणे आणि देणे यांच्या मुदतींचा मेळ बसलाच पाहिजे. पर्यावरणपूरक धंद्याला व्याजात सवलत नसते.

दुसरी बाकी भूमीची आहे. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाविषयी एक विरोधाभास मांडला होता. इंधन कमी खाणारी यंत्रे आली की कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, कारण वापर स्वस्त होतो. पाण्याचेही तेच आहे. ठिबकमुळे एकरी पाणी वाचते. परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर केळी लावली, तर विहिरीच्या खात्यात जमा काहीच होत नाही. जुन्या नळ्या शेताच्या बांधावर पडून राहिल्या, तर प्लास्टिकचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

यावर उपायही यावलच्या भूमीतच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा सच्छिद्र पट्टा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी तेथे अडविले तर ते वेगाने खाली मुरते. तापीचे पुराचे पाणी या पट्ट्यात मुरविण्याची महापुनर्भरण योजना त्याच आधारावर आखलेली आहे. योजना मोठी आहे, ती सरकारच्या गतीने पुढे जाईल. परंतु नाल्यावरील एखादा बंधारा, विहिरीजवळचा एखादा शोषखड्डा, बांधावरची झाडे आणि जुन्या नळ्या परत घेण्याची दुकानदाराची तयारी यांसाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे दिवाळीला वहीपूजन होते. जमा आणि नावे यांचा मेळ घातला जातो. त्याच वहीत आणखी दोन पाने राखून ठेवता येतील. एका पानावर वर्षभरात घराला किती वेळ दिला ते लिहावे आणि दुसऱ्यावर जमिनीतून किती पाणी उचलले व किती परत मुरविले ते. पहिले पान बहुधा घरातील गृहिणीच अधिक प्रामाणिकपणे भरील. दुसऱ्या पानाचा लेखापरीक्षक मात्र मे महिन्यातील विहीर असेल, आणि तिच्यापुढे खोटी नोंद टिकत नाही.