स्पेनची आना मारिस्काल : नटी आणि दिग्दर्शिका

बोलपटाच्या धंद्यात नटीला मान असतो, पैसाही असतो; नसते ती सत्ता. तिने कोठे उभे राहावे, केव्हा रडावे, कोणाकडे पाहून हसावे, हे सारे दुसराच कोणी ठरवीत असतो. अशा एखाद्या नटीने ठरविण्याची ती जागाच एके दिवशी आपल्याकडे घेतली, तर ती आपल्याला काय दाखवील? या प्रश्नाचे एक उत्तर स्पेनमधील आना मारिस्काल यांच्या आयुष्यात सापडते. त्या आयुष्याची ओळख श्रोत्यांना करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

मारिस्कालबाईंचा जन्म १९२३ साली माद्रिदला झाला. त्यांचे शालेय वय संपत आले, तेव्हा १९३६ ते १९३९ या काळातील यादवी युद्धाने देश होरपळून निघाला होता आणि जनरल फ्रँको यांची हुकूमशाही सुरू झाली होती. त्यांचे थोरले बंधू लुइस आर्रोयो नट होते. त्यांच्या मागोमाग याही चित्रपटांत आल्या आणि १९४० साली प्रथम पडद्यावर दिसल्या. पुढे १९४२ मध्ये 'राथा', म्हणजे 'वंश', नावाचा बोलपट आला. त्याची कथा टोपणनावाने खुद्द फ्रँको यांनीच लिहिलेली होती! राजवटीचा गौरव करणाऱ्या या चित्रपटात मारिस्कालबाई नायकाच्या वाग्दत्त वधूच्या भूमिकेत होत्या. अठरा वर्षांच्या मुलीला एका रात्रीत देशव्यापी कीर्ती मिळाली. पण तिच्याबरोबर राजवटीची नटी हा शिक्काही बसला, तो जन्मभर पुसला गेला नाही.

तरी बाईंचा स्वभाव शिक्क्यात मावणारा नव्हता. १९४५ च्या सुमारास त्यांनी रंगभूमीवर चक्क दोन हुआन या प्रसिद्ध रंगेल पुरुषाची भूमिका केली. बालगंधर्वांना नायिकेच्या वेषात डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला यात फारसे वावगे वाटणार नाही; माद्रिदमध्ये मात्र मोठा गहजब झाला.

त्यांच्या पुढच्या पावलाचे मोल कळायचे, तर त्या वेळचा स्पेनमधील कायदा ध्यानात घेतला पाहिजे. विवाहित स्त्रीला नोकरी करण्यास, करार करण्यास, बँकेत खाते उघडण्यासही नवऱ्याची संमती लागे. ही अट थेट १९७५ साली रद्द झाली. अशा देशात १९५२ मध्ये मारिस्कालबाईंनी आपले पती, छायालेखक वालेन्तिन खाविएर, यांच्या साथीने 'बोस्को फिल्म्स' ही संस्था काढली आणि दिग्दर्शनाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. त्यांच्या आधी रोसारिओ पी या बाईंनी १९३५ साली स्पेनमध्ये बोलपट दिग्दर्शित केला होता. पण युद्धाने ती वाट बुजवून टाकली होती.

१९५३ साली पडद्यावर आला 'सेगुंदो लोपेथ'. खेड्याकडचा एक भाबडा प्रौढ गृहस्थ थोडे पैसे गाठीला बांधून माद्रिदला येतो, लुबाडला जातो, आणि एका रस्त्यावरच्या पोराच्या संगतीने दिवस काढतो, एवढीच गोष्ट. नायकाच्या भूमिकेसाठी बाईंनी नावाजलेला नट न घेता हौशी माणूस निवडला, आणि चित्रीकरण माद्रिदच्या खऱ्या रस्त्यांवर केले. स्वतःकडे ठेवली ती एका आजारी स्त्रीची लहानशी भूमिका. इटलीतील वास्तववादी चित्रपटांचे वारे त्या वेळी देशोदेशी वाहत होते. १९५२ च्या मुंबईतील चित्रपट महोत्सवात 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून बिमल रॉय यांनी 'दो बिघा जमीन' काढला, तोही १९५३ चाच. पण स्पेनमध्ये सरकारी मंडळ तयार चित्रपटाला दर्जा देई आणि त्या दर्जावर अनुदान अवलंबून असे. गरिबीचे चित्र तेथे कोणाला हवे होते?

त्यानंतर बाईंनी सुमारे पंधरा वर्षांत दहाच्या आसपास चित्रपट काढले. त्यांतले काही निखळ करमणुकीचे आणि धंदा सांभाळण्यासाठीचे होते. मात्र १९६३ च्या सुमारास चित्रित झालेला 'एल कामिनो', म्हणजे 'वाट', हा त्यांच्या कामाचा कळस ठरतो.

मिगेल देलिबेस यांची त्याच नावाची कादंबरी १९५० ची. बाईंनी ती आविला प्रांतातील कांदेलेदा या गावी चित्रित केली. दानिएल हा अकरा वर्षांचा मुलगा, टोपणनाव पिंगळा. बाप चीज तयार करणारा. आपल्या मुलाने शहरात शिकून मोठे व्हावे, ही त्याची इच्छा. त्यासाठी त्याने पै पै जमविलेली. मुलाला मात्र गाव, दोस्त आणि रानच हवे आहे. एक दोस्त अपघातात दगावतो. मुलगा शहराकडे निघतो, पण आपली वाट दुसऱ्याने ठरविली हे शल्य घेऊनच. याच गावात 'मिरची' या टोपणनावाची एक दुकानदारीण दुसऱ्यांच्या नीतीवर पाळत ठेवून असते. मारिस्कालबाई यांपैकी कोणाचीही टवाळी करीत नाहीत आणि कोणाला दोषमुक्तही करीत नाहीत.

हा चित्रपट त्या वेळी थिएटरांत जवळजवळ लागलाच नाही. १९६८ नंतर बाईंनी दिग्दर्शन केले नाही. फ्रँको १९७५ मध्ये गेले. नव्या स्पेनला 'राथा'ची नटी आठवली, 'एल कामिनो'ची दिग्दर्शिका आठवली नाही. १९९५ साली त्यांचे निधन झाले. चित्रपटाची प्रत नव्याने सिद्ध होऊन २०२१ मध्ये कानच्या महोत्सवात जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखविली गेली, तेव्हा त्यांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.

मारिस्कालबाई बंडखोर होत्या, असे आम्ही म्हणणार नाही. त्या त्याच राजवटीत वाढल्या आणि तिच्याच चौकटीत राहून त्यांनी काम केले. परंतु माणसाची पारख त्याला दिलेल्या भूमिकेवरून करावी, की त्याने आपण होऊन निवडलेल्या कामावरून? ठरविण्याचा अधिकार हाती आला, तेव्हा या बाईंनी वीर आणि सेनापती बाजूला ठेवले, आणि कॅमेरा वळविला तो ज्यांचे सारे दुसरेच ठरवितात अशा माणसांकडे : शहरात फसलेल्या खेडुताकडे, बेवारस पोराकडे, गाव सोडायला न धजणाऱ्या पिंगळ्याकडे. ती परवशता त्यांना ऐकून नव्हे, भोगून माहीत होती.