तिकीट शेवटी विचारा

डहाणूत मी पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. हप्ता घ्यायला घरी गेलं की माणसं बचतीपेक्षा खर्चाचे बेतच जास्त सांगतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर ठरलेलं: "ताई, यंदा पोरांना वॉटर पार्कला न्यायचंय. तिकीट किती असेल?" मी म्हणते, तिकीट शेवटी विचारा, आधी जाणार कसे ते सांगा.

आपल्याकडून मुख्य पर्याय तीन. विरारच्या पुढे पारोळजवळचं ग्रेट एस्केप, गोराईचं वॉटर किंगडम आणि खोपोलीचं इमॅजिका. ज्याच्या जाहिराती पाहत आमची पिढी वाढली ते १९८९ चं एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे, तरी लोक अजून त्याचंच विचारतात. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे विरारची ट्रिप स्वस्तात होते. इमॅजिकाला मात्र गाडी करावी लागते, आणि लहान मुलं असतील तर एका दिवसात जाऊन येणं जिवावर येतं. म्हणजे मुक्कामही धरायचा. तलासरीहून मुंबईकडे निघालं की चारोटी आणि खानिवडे असे दोन टोल लागतात. चोवीस तासांत परत आलात तर परतीचा टोल निम्मा पडतो, हे लक्षात ठेवा.

मुलांचं तिकीट बऱ्याच पार्कांत वयावर नसतं, उंचीवर असतं. तलासरीच्या एका घरात आम्ही टेप काढला, पोराला चौकटीला टेकवून पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा बापाच्या हिशेबातलं 'हाफ' 'फुल' झालं. घरी कळलं ते बरं झालं. तिकिटावरचा जीएसटीही बघून घ्या. २०१७ मध्ये तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला. सांगितलेल्या दरात तो धरलाय की वेगळा, एवढं फोनवर विचारायला काही जात नाही.

आत गेल्यावर वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे कपडे लागतात. सुती कपड्यांत किंवा साडीत पाण्यात सोडत नाहीत. कपडे भाड्याने घेतले की भाडं आणि डिपॉझिट, लॉकरचंही तसंच. डिपॉझिट परत मिळतं, पण संध्याकाळी. दिवसभर तेवढी रोकड अडकते. बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी पोटभर खाऊनच आत शिरावं.

पार्कात एकदाच पैसे भरून आत जायचं, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत तसं नसतं. चैत्र पौर्णिमेपासून पंधरवडाभर आकाशपाळण्याच्या एकेका फेरीचे पैसे मोजायचे, खिसा हलका झाला की घरी. अमेरिकेतलं डिस्नीलँडही १९५५ साली असंच सुरू झालं, प्रवेशाचे वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे पैसे. पाळण्यांच्या कुपनांची पुस्तकं तिथे १९८२ मध्ये बंद झाली. एकदाच पैसे भरायची पद्धत आली की माणूस 'वसूल' करायला दिवसभर थांबतो, आणि तेवढ्यात दोनदा भूक लागते. माझ्या मते जेवणखाण्याचा अंदाज चुकतो तो इथेच. दुपारी बाराला पोचणं तर सरळ तोट्याचं. पहाटेची लोकल पकडा.

आता पैसे साठवायचे कुठे? माझं कमिशन बुडालं तरी सांगते, पोस्टाच्या आरडीत नको. ती पाच वर्षांची, आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. पोरीच्या कॉलेजसाठी ती उत्तम, पार्कसाठी बँकेची वर्षाची आरडी बरी. बचत गटातून कर्ज काढून मात्र पार्कला जाऊ नये. ते पैसे बियाण्याला आणि दवाखान्याला लागतात. भिशी लावणार असाल तर एप्रिलचा नंबर सुरुवातीलाच मागून घ्या. चिठ्ठ्या टाकायची भिशी असेल तर नाद सोडा, नाहीतर शाळा सुरू झाल्यावर तुमचं नाव निघायचं.